शेरा: वार पुढे

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुमच्यातल्या थोरलीने मला विचारलं, की ती आईच्या पोटात असताना लाथा मारायची का. शाळेत काहीतरी लिहून न्यायचं आहे म्हणे, जन्माआधीची मी, असं. तुमच्याकडच्या शाळा फार चौकस दिसतात. मी तीस वर्षं मुलांना गायीवर निबंध लिहायला लावले, पण गायीच्या जन्माआधीचं कधी कुणी विचारलं नाही. तुमची आई मागे ओट्याजवळ उद्याचे डबे भरत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, “आजीला विचार. तिच्याकडे सगळं लेखी आहे.”

मी हसले, धाकट्याचा पडलेला दात बघितला, फोन ठेवला आणि कपाट उघडलं. वही दोन मिनिटांत सापडली. माझ्या कपाटात वस्तू सापडतात, ही माझ्याबद्दल सगळे मान्य करतात अशी एकमेव गोष्ट आहे.

आत्ताच लिहायचं दुसरं कारण म्हणजे तुमची मुरबाडची आजी, माझ्या विहीणबाई. या गोष्टीची त्यांची स्वतःची एक आवृत्ती आहे. लग्नात, बारशाला, एसटीच्या थांब्यावर, जिथे चार बायका जमतील तिथे त्या ती सांगतात, आणि दरवर्षी तीत मी थोडी लहान होत जाते. मागच्या वेळी कानावर आली तेव्हा मी फक्त चहा ठेवण्यापुरती उरले होते. अडचण अशी, की त्यांची आवृत्ती बरीचशी खरी आहे. तेव्हा ती ऐकायच्या आधी माझी वाचा. निदान क्रम तरी बरोबर असेल.

तर क्रमाने. मी शहापूरच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत असे. तुमच्या वडिलांचं घर मुरबाडच्या पलीकडे, भातशेतीचं. शहापूरकरांना मुरबाडसमोर एकच गर्व असतो: आम्हाला रेल्वे आहे, त्यांना नाही. स्टेशन खरं तर आसनगावला आहे, पण ते आम्ही मुरबाडकरांना मुद्दाम सांगायला जात नाही. लग्न ठरलं तेव्हापासून विहीणबाई मला ‘बाई’ म्हणतात. शाळेतल्या बाई, त्या अर्थाने. त्यात मान किती आणि टोमणा किती, हे मला अजून नीट वेगळं करता आलेलं नाही.

थोरलीच्या वेळी तुमच्या आईला पाचवा महिना लागला तेव्हा सोनोग्राफी झाली. अहवाल इंग्रजीत होता, म्हणजे माझ्या हक्काचा. मी तो विहीणबाईंना फोनवर मोठ्याने वाचून दाखवला, विरामचिन्हांसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि पोर बरं आहे ना, एवढं विचारलं. ते अहवालात कुठे लिहिलंय हे शोधायला मला जरा वेळ लागला.

पोर बरं होतं. फक्त वार पुढे होती. आमच्या डॉक्टर मॅडमनी औषधाच्या चिठ्ठीच्या मागे चित्र काढून समजावलं. बाळाला आईकडून अन्न पोचवते ती वार, ती कुणाची पिशवीच्या मागच्या भिंतीला चिकटते, कुणाची वरच्या, हिची पुढच्या, म्हणजे पोटाच्या कातडीकडच्या. हा आजार नाही, दोष नाही. बाळ आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये एक गादी आहे, असं समजा. लाथ गादीवर पडते. म्हणून हालचाल उशिरा कळेल, हलकी कळेल, आणि बेंबीपाशी नाही, खाली किंवा कुशीला कळेल. एवढं सांगून त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आणखी एक सांगितलं. एकदा हिला बाळाची रोजची सवय कळली, की मग हालचाल कमी झाली तर ते वारेवर ढकलायचं नाही. वार काल होती तिथेच आज आहे. सरळ निघून यायचं.

दोन्ही गोष्टी माझ्या वहीत पहिल्या पानावर आहेत. पहिली निळ्या शाईत, दुसरी लाल शाईत, खाली रेघ मारून. महत्त्वाचं लाल शाईत लिहायची माझी सवय. लाल शाईत लिहिलं की ते मला कळलं, असं मी धरून चालायची.

सातव्यात मुरबाडला डोहाळजेवण झालं. तुमच्या आईला झोपाळ्यावर बसवलं, फुलांचे दागिने घातले, ओटी भरली, आणि मग गावातल्या बायका रांगेने पोटावर हात ठेवायला आल्या. प्रत्येकीने तळहात बरोबर बेंबीवर ठेवायचा आणि एसटीची वाट बघावी तशी वाट बघायची. थोरले, गादीमागून तू कुणालाही भेट दिली नाहीस. बायकांना ते लागलं. हात ठेवल्यावर हलायचं नाही म्हणजे काय? मग कारणं सुरू झाली. मुलगा असणार, आळशी. मुलगी असणार, लाजाळू. पोरीने गार पाणी पीत जावं. पोरीने गार पाणी मुळीच पिऊ नये. पोरीने हात वर करून कपडे वाळत घातले असणार, नाळ गुंडाळली असेल. हे शेवटचं विहीणबाईंचं होतं. शिवाय पाठोपाठ त्यांनी हेही सुचवलं, की बाईंचं नातवंड आहे, परवानगी मागितल्याशिवाय हलायचं नाय. बायका हसल्या. मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि वारेवर एक छोटं व्याख्यान दिलं. माझ्या मते ते चांगलं झालं. मध्येच दोघी भात लागतोय का बघायला उठून गेल्या, आणि भात तासाभरापूर्वीच उतरवलेला होता.

तुमच्या आईला मात्र तोवर तू कळायला लागली होतीस. पुढे नाही, खाली, डाव्या कुशीला. पिशवीत ठेवलेला फोन थरथरावा तसं, असं तिने मला सांगितलं. दुपारी जेवून डाव्या अंगावर पडली की हमखास. संध्याकाळी चहानंतर पुन्हा. सकाळी थोडं कमी. तुझी सवय तिला घड्याळासारखी पाठ झाली होती. मला हे फार आवडलं. वेळापत्रक पाळणारं मूल मी शाळेत क्वचितच पाहिलं होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून डोहाळजेवण झाल्यावर आम्ही तिला शहापूरला आणलं. विहीणबाईंनी निघताना एकच अट घातली: आठवा लागला की प्रवास बंद. त्यांच्याकडे आठव्यात बाई गाडीत बसत नाही. किन्हवलीपर्यंतसुद्धा नाही, बाजारात रिक्षानेसुद्धा नाही. मी त्यावर सुशिक्षित माणसाला शोभेल असं स्मित केलं. अंधश्रद्धा आमच्या घरात चालत नाही. आमच्या घरात वही चालते.

वही अशी होती. शाळेच्या हजेरीपटासारख्या रेघा आखल्या. डावीकडे दिनांक, मग चार चौकटी: नाश्त्यानंतर, जेवणानंतर, चहानंतर, झोपताना. तिने डाव्या कुशीवर पडायचं, हललं की बोट वर करायचं, मी खूण करायची. अगदी शेवटचा रकाना शेऱ्याचा. रविवारच्या ओळीवर मी लाल रेघ मारून ठेवली होती, सुट्टीची. दोन रविवार गेल्यावर तुमच्या आईने विचारलं, की बाळाला सुट्टी आहे का. तेव्हा माझ्या लक्षात आलं. रेघ तशीच आहे, तिच्यावरूनच खुणा केल्या आहेत.

हे काम मी इतकं नेटकं केलं, की पुढे घडलेल्या गोष्टीत वहीची चूक शोधायला गेलात तर सापडणार नाही. चूक शेऱ्याच्या रकान्यात आहे.

हजेरीपट कसा चालतो, हे तुम्हाला माहीत नसेल. मूल आलं नाही की शेरा लिहावा लागतो. ताप. गावाला गेला. भाताच्या आवणीची कामं. शेरा लिहिला की चौकट पुरी झाली, तपासायला आलेला साहेब खूश, हेडमास्तर खूश. डोळखांबकडच्या पाड्यांवरची मुलं महिनामहिना यायची नाहीत. आईबाप वीटभट्टीवर गेलेले असायचे, मुलंही त्यांच्याबरोबर. मी सुंदर अक्षरात ‘स्थलांतर’ असं लिहायची. मूल कुठे आहे, हे बघायला मी एकदाही गेले नाही. शेरा होता ना.

तर त्या सोमवारी दुपारी, रोज आठ-नऊ खुणा पडायच्या तिथे तीन पडल्या. आठवा महिना अर्धा सरला होता. तुमची आई म्हणाली, की आज कमी वाटतंय. मी तिला समजावलं, वार पुढे आहे. शिवाय बाळ आता मोठं झालं, आत जागा कमी पडत असेल. हे दुसरं मी कुठून आणलं, मला आजही सांगता येणार नाही. शिकवणाऱ्या माणसाला एका कारणावर थांबवत नाही. शेऱ्यात लिहिलं: वार पुढे.

चहानंतर एक खूण. शेरा: वार पुढे. झोपताना तिला एकदा काहीतरी वाटल्यासारखं झालं, ते मी उदार मनाने खूण म्हणून धरलं.

मंगळवारी सकाळी चौकट कोरी राहिली. ती डाव्या कुशीवर पडून होती, तिचं बोट वर झालं नाही. मी पेन घेऊन शेजारी बसले होते. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “आई, नेहमीसारखं नाही वाटत गं.” मी चष्मा सरळ करून तिला डॉक्टर मॅडमचं चित्र आठवून दिलं, गादी आठवून दिली. घाबरलेल्या माणसाला माहिती द्यावी, असं माझं मत होतं. ती गप्प झाली. मला वाटलं, पटलं. मी तिसऱ्यांदा शेरा लिहिला.

अकराच्या सुमाराला विहीणबाई आल्या. त्यांची भातझोडणी आटपली होती आणि त्यांनी सुनेला बघायला यायचं कधीचं ठरवलं होतं. मुरबाडहून एक जीप, किन्हवलीला उतरून दुसरी. हातात नव्या तांदळाचं गाठोडं आणि नाचणीचं पीठ. पाय धुतले, पाणी घेतलं आणि सुनेपाशी जाऊन बसल्या. हात बेंबीवर ठेवला नाही. खाली, डाव्या कुशीला ठेवला. सुनेने फोनवर जागा सांगितली होती ती त्यांनी लक्षात ठेवली होती. माझ्याकडे ती लेखी होती.

त्यांचा हात तिथेच राहिला. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, “कदीपासनं गो?” तुमच्या आईने माझ्याकडे पाहिलं.

मी वही आणली. मला त्यांना दाखवायचं होतं, की इथे लक्ष नाही असं नाही, इथे दिवसातून चार वेळा लक्ष आहे. विहीणबाईंची शाळा सातवीपर्यंत झाली आहे, मराठी त्या सावकाश पण नीट वाचतात. त्यांनी बोट फिरवलं. गेल्या आठवड्याच्या भरलेल्या चौकटी बघितल्या. सोमवार बघितला. मंगळवारपाशी बोट थांबलं. शेरा त्यांनी ओठ हलवत वाचला.

“बाई,” त्या म्हणाल्या, “शेरा तुमी लिवला. पोर आलं का वर्गात?”

तीस वर्षांत मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. सुचलं ते असं, की मी त्यांना त्यांच्या नियमाची आठवण करून दिली. आठवा चालू आहे, प्रवास कसा करायचा? म्हणजे बघा. अंधश्रद्धा न मानणारी मी, त्या क्षणी मला तीही चालली. फक्त वहीत लिहिलेलं खोटं ठरायला नको होतं.

“आठव्याचं माजं मी बगते. गाडी बोलवा.”

मी रिक्षा बोलावली. डॉक्टर मॅडमकडे पोचायला दहा मिनिटं लागली. हीच दहा मिनिटं सोमवारी दुपारीही उपलब्ध होती, त्याच रस्त्यावर. मॅडमनी पोटावर दोन पट्टे बांधले, मशीन लावलं. ठोका ऐकू आला तेव्हा विहीणबाईंनी जोडलेले हात कपाळाला टेकवले आणि मी पाठ भिंतीला. पण कागदाच्या पट्टीवर ठोक्यांच्या वेगाची जी रेघ चढउतार करत यायला हवी होती, ती सपाट येत होती. मॅडमनी ती बराच वेळ बघितली आणि विचारलं, की कमी कधीपासून झालं.

मी वही पुढे केली. त्यांनी सोमवार वाचला, मंगळवार वाचला. एकाखाली एक तीनदा तोच शेरा. मग वही मिटून माझ्या हातात दिली, ज्या मुलाला आता काही सांगण्यात अर्थ नाही त्याची वही आपण देतो तशी. वेळ नीट कळल्याचा उपयोग झाला, असं त्या पुढे म्हणाल्या. हे मुरबाडच्या आवृत्तीत नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवते. पहिल्या पानावरची लाल शाई त्यांना दाखवायची मला इच्छा झाली नाही.

बाळ दमलंय, म्हणाल्या. आता बाहेर काढलेलं बरं. आणि इतक्या लहान बाळाला ठेवायची सोय कल्याणला आहे, तेव्हा कल्याण. तिथे फोन करून त्यांनी सगळं सांगून ठेवलं, रुग्णवाहिका बोलावली. आठव्यात रिक्षा नको म्हणणाऱ्या विहीणबाई सुनेच्या आधी आत चढून बसल्या. मी समोरच्या घडीच्या खुर्चीवर, मांडीवर तपासण्यांची फाईल. फाईल क्रमाने लावलेली होती.

नाशिक रस्त्याने तेवढ्या वेळात मी काय विचार केला, ते लिहीत नाही. विहीणबाईंचा हात त्याच जागेवर होता, गाडी खड्ड्यात आदळली तरी सुटत नव्हता. तुमच्या आईचे डोळे मिटलेले होते. पडघ्याच्या आसपास तिने ते उघडले आणि सासूकडे बघितलं. सासूने मान हलवली. त्यांच्याही हाताला ती हालचाल लागली होती. एकदाच. माझ्या पर्समध्ये पेन होतं. मी ते बाहेर काढलं नाही.

कल्याणला तिला लगेच आत नेलं. तुमचे वडील ऑफिसातून निघाले होते, वाटेत होते. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी. विहीणबाईंनी नेहमीप्रमाणे माझं काय चुकलं ते सांगायला सुरुवात करावी, असं मला फार वाटत होतं. उलट त्या स्वतःशीच म्हणाल्या, की नाळ गुंडाळलीय, हात वर करू नको, असं त्यांनी पोरीला उगाच घाबरवलं होतं. मी म्हटलं, निदान तुम्ही घाबरलात तरी. त्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पिशवीतून एक भाकरी काढून अर्धी मला दिली. ती दोघींनाही खाववली नाही.

चार वाजून गेल्यावर दार उघडलं. सिस्टर म्हणाली, मुलगी आहे, वजन कमी आहे, रडायला जरा वेळ लावला, पण रडली.

विहीणबाईंनी पदराने तोंड पुसलं. मग माझ्या मांडीवरच्या वहीवर बोट ठेवलं.

“लिवा आता. हजर.”

मी लिहिलं. अक्षर वाईट आलं आहे. रडले म्हणून नव्हे, बाकाला टेकायला जागा नव्हती. अशी कारणं मला अजूनही चांगली सुचतात.

तू अठरा दिवस काचेच्या पेटीत होतीस. डॉक्टरांनी वारेबद्दल बरंच सांगितलं, बाळ दमलं ते वार पुढे होती म्हणून नव्हे तर वारच थकली होती म्हणून वगैरे. त्यातलं मी काही लिहून घेतलं नाही. ऐकलं मात्र नीट, पहिल्यांदाच.

तुमच्या आईने मला त्यावरून कधी काही म्हटलं नाही. धाकट्याच्या वेळी वार मागे होती आणि त्याने असा धुमाकूळ घातला की तिच्या मांडीवरचा लॅपटॉप हलायचा, फोनवर मला दिसायचा. एका दिवशी तो गप्प होता. तिने मला विचारलं नाही. गाडी काढली, तुमच्याकडच्या दवाखान्यात गेली, तासभर मशीन लावून घेतलं, सगळं ठीक म्हणून घरी आली आणि दुसऱ्या दिवशी मला कळवलं. माझा सल्ला न घेण्याइतकी ती शिकली, याचं श्रेय माझ्या शिकवण्यालाच द्यावं लागेल.

तर थोरले, तुझ्या शाळेसाठी उत्तर असं. हो, तू लाथा मारायचीस. खाली, डाव्या कुशीला, दुपारच्या जेवणानंतर. मध्ये गादी होती, म्हणून त्या हलक्या लागायच्या, पण तुझ्या आईला त्या ओळखू यायच्या. तू दमलीस ते सगळ्यांत आधी तिला कळलं. तिने सांगितलं. ज्या बाईला सांगितलं तिने ते लिहून घेतलं आणि बसून राहिली. मुरबाडच्या आजीची आवृत्ती इथून पुढे तंतोतंत बरोबर आहे, फक्त तीत रस्त्यात ताक प्यायल्याचं येतं, ते ताक कधी नव्हतंच.

शाळेच्या नियमाप्रमाणे हजेरीपटात खाडाखोड करता येत नाही. चुकलेल्या शब्दावर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही करायची. मी तसं केलं आहे, तीन रेघा आणि तीन सह्या.

वही कपाटाच्या मधल्या खणात आहे. मंगळवारच्या पहिल्या दोन चौकटी कोऱ्या आहेत, तिसरीत ‘हजर’ लिहिलेलं आहे, आणि शेरा अजून वाचता येतो.